गोठ्यातले औषध आणि गोबर गॅसची टाकी

विस्कॉन्सिन, न्यू यॉर्क किंवा कॅलिफोर्नियाच्या ग्रामीण भागातून गाडी चालवताना मोठा डेअरी फार्म जवळ आला की पहिली वर्दी नाकाला मिळते. मग लांबच लांब गोठे दिसू लागतात, आणि अलीकडे काही ठिकाणी त्यांच्या शेजारी घुमटाच्या मोठ्या टाक्याही दिसतात. अशी टाकी दिसली की गाडीतले कोणीतरी हमखास म्हणते, "अरे, हा तर आपला गोबर गॅस!" म्हणणाऱ्याचे बरोबरच असते. येथे तिला 'ॲनेरोबिक डायजेस्टर' असे भारदस्त नाव आहे, इतकेच. हवाबंद टाकीत शेण कालवून ठेवायचे, जंतूंनी ते पचवायचे, वर साठलेला गॅस जाळायचा आणि खाली उरलेली स्लरी शेतात घालायची, हे तत्त्व सांगलीत आणि सिरॅक्यूसमध्ये एकच आहे.

माझी सारी नोकरी मध्य-पश्चिमेतल्या एका शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात झाली. अशा टाक्यांचे तापमान पाहणे, त्यांची आंबटी वाढली का, गॅस कमी झाला का याची नोंद ठेवणे, हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे मंडळातली मित्रमंडळी मला एक प्रश्न नेहमी विचारतात. परसात मेथी, कोथिंबीर, वांगी लावणाऱ्यांचा तर तो आवडता प्रश्न आहे: "टाकीत सगळे जंतू मरतात ना? मग ते खत वापरायला काय हरकत?" प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याचे उत्तर द्यायचे तर सुमारे ऐंशी वर्षे मागे जावे लागते. कारण टाकी जुनीच असली तरी तिच्यात पडणारे शेण मधल्या काळात बदलले. ते कसे बदलले, त्याची ही हकीकत.

मिसूरीची माती आणि भीमवरमचा माणूस

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा सगळीकडे पेनिसिलिनचा बोलबाला होता आणि प्रत्येक औषध कंपनी मातीतल्या बुरशा आणि जंतूंमधून पुढचे औषध शोधत होती. न्यू यॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावी लेडर्ले कंपनीची प्रयोगशाळा होती. तिच्या संशोधनाची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपल्याकडचे, आंध्रातल्या भीमवरमचे. ते १९२३ साली बॉस्टनला आले, हार्वर्डमध्ये अनेक वर्षे राबले आणि १९४० मध्ये लेडर्लेत दाखल झाले. फॉलिक ॲसिडच्या आणि त्यातून पुढे निघालेल्या कर्करोगावरील औषधांच्या कामाशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. आपल्या पिढीतल्या पुष्कळांना मात्र ते नाव येथे आल्यावरच कळले.

त्याच प्रयोगशाळेत बेंजामिन डगर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर, सत्तरी ओलांडल्यानंतर, त्यांनी ही नवी नोकरी धरली होती. ठिकठिकाणच्या ओळखीच्या लोकांकडून ते मातीचे नमुने मागवीत. १९४५ साली मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्ड या १८८८ पासून चालू असलेल्या प्रायोगिक शेतातून एक पुडी आली. टिमथी गवताच्या २३ क्रमांकाच्या वाफ्यातली ती माती. तिच्यात सोनेरी रंगाचा एक सूक्ष्म जीव सापडला आणि त्याच्यापासून निघालेल्या औषधाला रंगावरून 'ऑरिओमायसिन' हे नाव मिळाले. टेट्रासायक्लिन कुळातले हे पहिले औषध. १९४८ साली ते जगापुढे आले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. आपल्या प्रयोगशाळेतले हे औषध चारच महिन्यांनी कोंबडीच्या खाद्यात शिरणार आहे, हे त्यांना दिसले नाही.

पिल्लांचे वजन

युद्धानंतर अमेरिकेत मांसाची मागणी वाढली आणि कोंबड्यांना महागडी मासळीची कुटी घालण्याऐवजी सोयाबीनची पेंड घालायला सुरुवात झाली. पण नुसत्या पेंडीवर पिल्ले खुरटत. प्राणिज अन्नात असलेला एखादा घटक वनस्पतिज अन्नात नाही, हे उघड होते. तो घटक म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, हे १९४८ मध्ये कळले. आता त्याचा स्वस्त पुरवठा कुठून करायचा, हा प्रश्न होता.

लेडर्लेतले टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी एक काटकसरीची युक्ती काढली. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर पिंपात जो चोथा उरतो त्यात बी-१२ असते. तो चोथाच पिल्लांना घालून पाहावा. १९४८ च्या डिसेंबरात वजने घेतली तेव्हा चोथा खाल्लेली पिल्ले यकृताचा अर्क खाल्लेल्या पिल्लांच्याही पुढे गेलेली दिसली. यकृतात बी-१२ भरपूर असते, तेव्हा हा फरक जीवनसत्त्वाने पडलेला नव्हता. चोथ्यात राहून गेलेल्या थोड्याशा ऑरिओमायसिनची ती करामत होती. १९५० च्या एप्रिलमध्ये ही बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकली. १९५१ साली अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे येथल्या एफडीएने, पशुखाद्यात प्रतिजैविके घालायला परवानगी दिली. त्यासाठी पशुवैद्याची चिठ्ठीही लागत नव्हती.

त्या काळाच्या दृष्टीने पाहिले तर यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. मांस आणि अंडी स्वस्त झाली, आणि मजुराच्या ताटात कोंबडी आली. पण याच सुमारास शेतीचे रूपही पालटत होते. दहा-वीस गायी-डुकरे बाळगणारा शेतकरी मागे पडला आणि हजारो जनावरे एका छपराखाली कोंडून वाढवण्याची पद्धत आली. खाद्यातल्या औषधामुळे अशी गर्दी सोसायला मदत झाली. औषध म्हणजे आजाऱ्याला काही दिवस द्यायची वस्तू, ही कल्पना गोठ्यातून हद्दपार झाली आणि ते आमटीतल्या मिठासारखे रोजचे झाले.

धोक्याची घंटा तेव्हाही वाजलेली होती. पेनिसिलिनचा नाश करणारे द्रव्य काही जंतू तयार करतात हे १९४० सालीच प्रसिद्ध झाले होते. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी सांगितले होते की औषधाची मात्रा कमी पडली तर जंतू मरत नाहीत, उलट औषध पचवायला शिकतात. खाद्यातली मात्रा नेमकी तशीच होती: थोडी आणि रोजची.

शेजाऱ्याला दिलेली पाककृती

सुरुवातीला समज असा होता की एखादा जंतू औषधाला दाद देईनासा झाला तर तो गुण त्याच्या वंशजांपुरता राहतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी जपानमधल्या डॉक्टरांनी हा समज मोडला. तेथे आमांशाच्या साथीत एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे जंतू सापडू लागले, आणि हा गुण आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूकडून रोगजंतूकडे जातो असे दिसून आले. त्सुतोमु वातानाबे यांच्या १९६३ मधल्या लेखाने ही गोष्ट इंग्रजी वाचणाऱ्या जगाला कळली.

ही गोष्ट समजायला अवघड नाही. लोणच्याची कृती आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे जाते, तशी ती कुंपणावरून शेजारणीकडेही जाते. शेजारीण आपल्या नात्यातली, जातीतली, भाषेतली असली पाहिजे असे नाही. जंतूंमध्ये ही कृती जनुकाच्या रूपात असते. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असे जनुक बसले की ते एका जंतूमधून दुसऱ्यात जाते. पुष्कळदा एकाच कड्यावर चार-पाच औषधांच्या कृती शेजारी शेजारी असतात. एका औषधाच्या माऱ्यात जो जगला तो बाकीच्यांच्या कृतीही घेऊन जगतो.

अमेरिकेतला सर्वांत बोलका प्रयोग मॅसॅच्युसेट्समधल्या शेरबॉर्न येथे झाला. टफ्ट्स विद्यापीठाचे डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यावर एका कुटुंबाच्या शेतावर कोंबड्यांची पिल्ले ठेवली आणि त्यांतल्या काहींच्या खाद्यात टेट्रासायक्लिन घातले. प्रयोगाचा खर्च पशू-औषध उद्योगाच्या संघटनेने उचलला होता, हे विशेष. आठवड्याभरात त्या कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे जंतू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत तोच गुण घरातल्या माणसांच्या पोटात दिसू लागला. शेतावरच्या माणसांचे दर आठवड्याला जे विष्ठेचे नमुने घेतले त्यांतल्या ३१.३ टक्के नमुन्यांमध्ये ८० टक्क्यांहून अधिक जंतू टेट्रासायक्लिनला न जुमानणारे होते. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हेच प्रमाण ६.८ टक्के होते. खाद्यात एकच औषध असताना काही जंतू इतर औषधांनाही दाद देईनासे झाले. मात्र औषधी खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांत बहुतेक माणसांच्या पोटातून ते जंतू दिसेनासे झाले. १९७६ साली हा लेख प्रसिद्ध झाला. त्याचा हा शेवटचा भाग लोक विसरतात, म्हणून येथे मुद्दाम सांगितला. उगम बंद केला की ओघ आटतो.

इंग्लंडमध्ये १९६९ सालीच स्वान समितीने माणसांना लागणारी औषधे जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत असे म्हटले होते. येथे १९७७ मध्ये एफडीएचे आयुक्त डोनाल्ड केनेडी यांनी पशुखाद्यातले पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिनचे बरेचसे वापर बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. काँग्रेसने 'आधी आणखी अभ्यास करा' असे सांगून तो अडवला. ठरलेली सुनावणी कधी झालीच नाही. प्रस्तावाची ती कागदपत्रे डिसेंबर २०११ मध्ये एफडीएने स्वतःच मागे घेतली. चौतीस वर्षे! तोपर्यंत स्वीडनने १९८६ साली आणि साऱ्या युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केलेली होती.

टाकीचा प्रवास

आता टाकीकडे वळू. हा मान थोडा आपल्या मुंबईकडेही जातो. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीतला गॅस गोळा करून वापरल्याची नोंद या विषयावरच्या जगभरच्या इतिहासांत आढळते. शेणापासून गॅस काढण्याचे प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एस. व्ही. देसाई यांनी केले. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी डबाची टाकी बसवली आणि मुंबईतल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात तिचा देशभर प्रसार केला.

साताऱ्याकडच्या आमच्या घरामागे अशीच टाकी होती. सकाळी आई आणि काकू घमेल्याने शेण आणून पाण्यात कालवीत. डबा वर आला की आज चहा-भाकरी गॅसवर, खाली बसला की चूल, असा साधा हिशेब होता. स्लरी उसाला जायची. तेव्हा आमच्या दोन म्हशी आणि बैलजोडी यांचे खाणे म्हणजे कडबा, हिरवा चारा आणि सरकीची पेंड. जनावर आजारी पडले तर गावात डॉक्टर यायचे आणि सुई टोचायचे. खाद्यात रोजचे औषध ही कल्पना आमच्या दादांना सांगितली असती तर त्यांना हसू आले असते.

अमेरिकेत ही टाकी उशिरा आली, आणि आली ती गॅससाठी नव्हे, तर वासासाठी. आयोवातल्या माउंट प्लेझंट येथील एका डुकरांच्या फार्मवर १९७२ साली बांधलेली टाकी ही येथल्या फार्मवरची पहिली मानली जाते. शेजाऱ्यांची दुर्गंधीची तक्रार हे तिचे कारण. मग १९७३ चे तेलसंकट आले आणि गॅसलाही किंमत आली. कॉर्नेल विद्यापीठात विल्यम ज्यूएल यांनी गायींच्या घट्ट शेणाला जुळणारी लांब खंदकासारखी टाकी तयार केली. पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गजवळच्या एका मोठ्या डेअरीने १९७९ मध्ये अशी टाकी चालू केली. तेल पुन्हा स्वस्त झाल्यावर अनेक टाक्या बंद पडल्या. १९९४ साली ॲगस्टार या सरकारी कार्यक्रमाने त्यांना पुन्हा आधार दिला. पुढे कॅलिफोर्नियाच्या स्वच्छ इंधनाच्या नियमांमुळे शेणातल्या मिथेनला चांगला भाव मिळू लागला आणि आज देशात फार्मवरच्या सुमारे ४०० टाक्या चालू आहेत.

या टाक्या किती लागतील याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. दुभती होल्स्टीन गाय दिवसाला शेण-मूत मिळून ६५ ते ७० किलो टाकते. हजार गायींच्या डेअरीत हा ढीग रोज ६५ ते ७० टनांचा होतो. पूर्वी तो मोठ्या उघड्या तळ्यांत साठवीत, आणि पुष्कळ ठिकाणी आजही साठवतात. १९९९ च्या सप्टेंबरात फ्लॉइड चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायनात डुकरांच्या फार्मची अशी अनेक तळी पुरात बुडवली, तेव्हा या तळ्यांचा धोका साऱ्या देशाने दूरदर्शनवर पाहिला.

तळ्यातून विहिरीकडे

जनावराने खाल्लेले टेट्रासायक्लिन सारेच काही अंगी लागत नाही. त्याचा मोठा भाग शेण-मुतातून जसाच्या तसा बाहेर पडतो. त्याच्याबरोबर पडतात आतड्यातले अब्जावधी जंतू, आणि त्यांच्याबरोबर त्या 'पाककृती'.

२००१ साली इलिनॉय विद्यापीठाच्या रॉडरिक मॅकी यांच्या गटाने डुकरांच्या दोन फार्मच्या तळ्यांखालचे भूजल तपासले. तळ्यातली टेट्रासायक्लिन-रोधक जनुके त्यांना तळ्यापासून २५० मीटर दूरच्या भूजलात सापडली. २००६ साली कोलोरॅडोत एमी प्रूडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅश ला पूडर नदीचा गाळ, शेतीचे पाट, डेअरीची तळी आणि पाणी शुद्धीकरणाची केंद्रे तपासून एक नवीच दृष्टी दिली. त्यांनी म्हटले, या जनुकांनाच प्रदूषक समजा. आम्हा मैलापाणीवाल्यांना हा धक्का होता. शिसे, नायट्रेट, कीटकनाशके हे आमचे नेहमीचे प्रदूषक. ते पाण्यात पातळ होतात, काही विटतात, संपतात. जनुकाची गोष्ट निराळी. त्याला योग्य जंतू भेटला तर ते वाढते.

येथे एक खुलासा हवा. ही जनुके माणसाने निर्माण केलेली नाहीत. कॅनडातल्या ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही ती सापडली आहेत, हे २०११ साली प्रसिद्ध झाले. मातीतले जंतू एकमेकांशी लढताना प्रतिजैविके बनवतात, तेव्हा त्यांवरचे उतारेही तितकेच जुने असणार. आपण केले ते एवढेच, की जी कृती कुठेतरी कोपऱ्यात पडून होती तिला गिऱ्हाईक मिळवून दिले.

टाकीत काय होते?

आता मूळ प्रश्न. टाकीत हे सारे नाहीसे होते का?

टाकीत चार टप्प्यांत काम चालते. एक जंतुगट शेणातले मोठे रेणू फोडतो, दुसरा त्यांची आम्ले करतो, तिसरा त्या आम्लांपासून ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन बनवतो, आणि शेवटी मिथेन करणारे सूक्ष्म जीव गॅस देतात. बहुतेक फार्मवर टाकी ३५ ते ३७ अंश सेल्सियसला चालते, म्हणजे साधारण आपल्या अंगाच्या उष्णतेला. काही टाक्या ५५ अंशांना चालवतात. शेण आत सुमारे तीन आठवडे राहते.

एवढ्या काळात आतड्यातले पुष्कळ रोगजंतू खरोखरच मरतात. वास जातो, माश्या कमी होतात, तणांचे बी बरेच निकामी होते. या बाबतीत टाकीची कीर्ती रास्त आहे. जनुकांचा हिशेब मात्र सरळ नाही. मिनेसोटा विद्यापीठात शहराच्या गाळावर केलेल्या २०१० मधल्या प्रयोगात हवाबंद टाकीचे तापमान वाढवत नेले तशी टेट्रासायक्लिन-रोधक जनुके अधिक वेगाने घटली. ही चांगली बातमी. पण २०११ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या गटाने वेगळेच पाहिले. गाळ आधी अतिशय तापवून घेतला तर जनुके जवळजवळ पुसली जात, पण तोच गाळ पुढे टाकीत पचवला की त्यांतली काही पुन्हा वर येत. कारण टाकी ही निर्जंतुक करणारी भट्टी नाही, ती जंतूंचे नांदते घर आहे. जुने भाडेकरू गेले तरी जागा रिकामी राहत नाही.

हे झाले शहराच्या गाळाचे. शेणाच्या चालू, मोठ्या टाकीवरचा एक अभ्यास बफेलो विद्यापीठाच्या डायना आगा यांच्या गटाने २०१८ साली प्रसिद्ध केला. तेथे शेण आधी तापवून मग टाकीत जात होते. सल्फा औषधांना रोखणारी दोन जनुके टाकीनंतर स्पष्ट घटलेली आढळली. टेट्रासायक्लिनला रोखणारी जनुके मात्र होती तेवढीच राहिली. औषधाचेही तसेच. पातळ भागातले टेट्रासायक्लिन कमी झाले, आणि घट्ट चोथ्यातले वाढले. म्हणजे बरेचसे औषध नष्ट झालेच नाही, पाण्यातून उठून चोथ्याला चिकटून बसले. हा चोथा वाळवून गायींखाली अंथरतात, नाहीतर खत म्हणून देतात.

एक जनुक हटते आणि दुसरे का हटत नाही? याचे एक कारण टाकीच्या स्वभावातच आहे. टेट्रासायक्लिनला रोखणारी काही जनुके गायीच्या पोटातल्या, हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंमध्येच मुरलेली आहेत. गायीचे पोट ही ३९ अंशांची हवाबंद टाकीच असते. तिच्यातून निघालेल्या जंतूला आमची ३७ अंशांची टाकी म्हणजे माहेरच. शिवाय जंतू मेला तरी त्याचा डीएनए काही काळ शिल्लक राहतो आणि दुसरा जंतू तो उचलू शकतो.

तेव्हा परसात खत घालणाऱ्या मंडळींना माझे उत्तर असे आहे. टाकीतून निघालेले खत कच्च्या शेणापेक्षा पुष्कळ बरे, पण ते निर्जंतुक नाही आणि निर्जनुक तर नाहीच. कच्च्या शेणाबाबत येथल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत एक उपयोगी मोजमाप आहे. भाजीचा खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर खत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जाऊ द्यावेत, लागत नसेल तर ९० दिवस. मेथी-कोथिंबिरीला १२० दिवस म्हणजे खत आदल्या हिवाळ्यापूर्वीच घातले पाहिजे. ढीग लावून खत करायचे तर ते निदान ५५ अंशांपर्यंत तापून, पंधरा दिवस तसे राहून, त्यात पाच वेळा उलटले गेले पाहिजे. आणि कोथिंबीर कच्ची खायची असेल तर नीट धुवावी. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण 'गोबर गॅसचे खत आहे, पवित्रच असणार' एवढ्यावर विसंबू नये.

कायदा बदलला, पण किती?

१९७७ साली अडलेली गोष्ट अखेर काही प्रमाणात पुढे सरकली. २००५ मध्ये कोंबड्यांना फ्लुरोक्विनोलोन गटातली औषधे देणे बंद झाले. २०१३ मध्ये एफडीएने औषध कंपन्यांना सांगितले की माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके जनावरांच्या वाढीसाठी म्हणून विकू नका. १ जानेवारी २०१७ पासून तो वापर थांबला, आणि अशी औषधे खाद्यात घालायला पशुवैद्याची लेखी आज्ञा लागू लागली. जून २०२३ पासून दुकानातून सहज मिळणारी उरलेली अशी औषधेही चिठ्ठीवर गेली.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांकरिता विकली गेलेली, माणसांच्या दृष्टीने महत्त्वाची प्रतिजैविके २०१५ साली सुमारे ९७ लाख किलो होती. २०१७ मध्ये हा आकडा सुमारे ५६ लाख किलोवर आला. त्यानंतर मात्र उतार थांबला आणि थोडी चढणही लागली. 'वाढीसाठी' हा शब्द गेला, पण 'रोग होऊ नये म्हणून' हा शब्द राहिला, आणि त्या नावाखाली निरोगी कळपालाही औषध देता येते. विकल्या जाणाऱ्या या औषधांत सर्वांत मोठा वाटा आजही टेट्रासायक्लिनचा आहे. टाकी ज्याची जनुके पुसू शकली नाही, ते हेच कुळ.

दुसरीकडे टाक्यांना जे अनुदान आणि कार्बनचे पैसे मिळतात ते मिथेनच्या मापाने. मिथेन अडवणे चांगलेच आहे. उष्णता धरून ठेवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायॉक्साइडच्या २७-२८ पट जोरकस आहे. पण त्या हिशेबाच्या वहीत जनुकांना रकानाच नाही. ५५ अंशांची टाकी जनुकांच्या दृष्टीने अनेकदा सरस ठरते, तरी तिला इंधन जास्त लागते आणि ती सांभाळायला कठीण, म्हणून शेतकरी ३७ अंशांवर थांबतो. त्याला दोष कसा देणार? ज्याचे पैसे मिळतात तेच तो करणार.

आपल्याकडे

हे सारे मी या देशाची उणीदुणी काढायला लिहिलेले नाही. मला काळजी आहे ती पुढच्या वाटेची. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तेव्हा पेनिसिलिन गरिबाला मिळावे हे स्वप्न होते, आणि ते योग्यच होते. आज महाराष्ट्रात कोंबड्यांच्या मोठ्या शेडी आहेत, शंभर-शंभर संकरित गायींचे गोठे आहेत. २०१८ साली भारत सरकारने गोबरधन योजना आणि शेणा-कचऱ्यापासून वाहनांचा गॅस करण्याची सतत योजना अशा दोन्ही सुरू केल्या. आमच्या घरामागच्या टाकीच्या शेकडो पट मोठ्या टाक्या आता तेथे बांधल्या जात आहेत. २०१९ च्या जुलैमध्ये भारताने कोलिस्टिन हे अखेरच्या आधाराचे औषध खाद्य-जनावरांना देण्यावर बंदी घातली. चीनमध्ये २०१५ साली कोलिस्टिनला रोखणारे आणि एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारणारे जनुक सापडले, त्यानंतरची ही सुज्ञ पायरी.

अमेरिकेने एका औषधाचा फायदा दोन-तीन वर्षांत उचलला आणि त्याचा लगाम खेचायला साठ-पासष्ट वर्षे घेतली. भारताला तेवढी सवड नाही. पण त्याच्या हाती येथला सारा अनुभव आयता आहे. मोठ्या टाक्यांना अनुदान देतानाच त्यात पडणाऱ्या शेणाची चौकशी करता येईल: या गोठ्यात कोणते औषध, कोणाच्या चिठ्ठीने, किती दिवस दिले गेले? स्लरीतली दोन-चार ओळखीची जनुके वर्षातून एकदा मोजता येतील. त्याचे तंत्र पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत आहे आणि ते फार महागही राहिलेले नाही.

आपल्या मंडळातली किती तरी मुले येथे सूक्ष्मजीवशास्त्र, पशुवैद्यक आणि पर्यावरण अभियांत्रिकी शिकत आहेत. उन्हाळ्यात आजोळी गेल्यावर गोठ्यात फेरी मारली तर गायीला काय खायला घालतात हे त्यांनी आवर्जून विचारावे. शेरबॉर्नच्या त्या शेतावर खाद्य बदलल्यावर सहा महिन्यांत माणसांची पोटे सुधारली होती. टाकीला इतके मोठे काम आजवर एकटीने करता आलेले नाही.